ग्रंथनोंदींना एक भाषा देणारी विदुषी : हेन्रिएट ॲव्हरम
(१९१९–२००६)

आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकात एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. संत, समाजसुधारक, देशभक्त व दानशूर गृहस्थ यांची चरित्रे आपण या पानांतून आवडीने वाचत आलो आहोत. यंदा ज्या स्त्रीची ओळख करून द्यावयाची आहे ती अमेरिकेतील आहे. तिने सभा गाजविल्या नाहीत, कादंबऱ्या लिहिल्या नाहीत किंवा चळवळीही उभारल्या नाहीत. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद कशी करावी, हाच काय तो तिच्या आयुष्यातील मुख्य कार्याचा विषय. इतक्या कोरड्या विषयात चरित्र लिहिण्याजोगे काय असणार, अशी शंका कोणासही येईल. परंतु एखाद्या अभ्यासकाने गावात बसून संगणकावर पुस्तकाचे नाव टाइप करावे आणि ते पुस्तक कोणत्या शहरातील कोणत्या ग्रंथालयात आहे हे क्षणार्धात त्याच्या समोर यावे, ही सोय ज्यांच्या कष्टांतून उभी राहिली त्यांत या बाईंचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. शिवाय हे कष्ट त्यांनी कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या शिदोरीवर केले, हे आपल्या घरांतील मुलींनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

जन्म व शिक्षण

हेन्रिएट डेव्हिडसन यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९१९ रोजी न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात झाला. लहानपणापासून त्यांना वाचनाचे वेड होते. मोठेपणी वैद्यकीचा अभ्यास करून कर्करोगावर औषध शोधून काढावयाचे, हे त्यांचे बालपणीचे स्वप्न. त्या हेतूने त्यांनी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात वैद्यकीपूर्व अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. हे कॉलेज त्या काळी केवळ मुलींचे होते व तेथे शिक्षण विनाशुल्क मिळत असे. बेताच्या स्थितीतील घरांच्या हुशार मुलींना उच्च शिक्षणाचा तो मोठा आधार होता.

१९४१ साली हर्बर्ट ॲव्हरम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. हर्बर्ट यांना आरमारात सेवा करावी लागली. बुद्धिबळातही ते निष्णात होते. संसार वाढला, तीन अपत्ये झाली आणि वैद्यकीचे स्वप्न मागे पडले. येथवरची हकीकत वाचून अनेक वाचकांना आपल्याच घरातील कोणा आत्याची, मावशीची किंवा वहिनीची आठवण होईल. शिकण्याची उमेद असलेली मुलगी, योग्य वेळी झालेले लग्न, मुलेबाळे, आणि कपाटात ठेवून दिलेली वह्यापुस्तके. बहुतेक चरित्रे येथेच संपतात. हेन्रिएटबाईंचे चरित्र येथून सुरू होते.

तिशीनंतर नवी विद्या

१९५० नंतर हे कुटुंब राजधानी वॉशिंग्टनच्या लगत, व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथे राहावयास गेले. हर्बर्ट यांना राष्ट्रीय सुरक्षा विभागात नोकरी लागली होती. हेन्रिएटबाईंनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई आपल्याहून दहाबारा वर्षांनी लहान असलेल्या विद्यार्थ्यांत बसून गणिताची उदाहरणे सोडवीत आहे, हे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे.

१९५२ साली त्याही राष्ट्रीय सुरक्षा विभागात रुजू झाल्या. तेथे आय. बी. एम. कंपनीचा ७०१ क्रमांकाचा संगणक होता. आज खिशात मावणाऱ्या दूरध्वनीपुढेही तो दुबळा ठरेल. परंतु त्या काळी तो एक चमत्कार होता. त्याची अनेक कपाटे मिळून एक मोठी खोली व्यापली जाई आणि आत हजारो निर्वात नळ्या तापत असत. अशा यंत्राला कामाच्या आज्ञा लिहून देणाऱ्यांस प्रोग्रॅमर म्हणतात. त्या वेळी या विद्येची महाविद्यालये नव्हती, क्रमिक पुस्तकेही नव्हती. यंत्रासमोर बसावे, आज्ञा लिहून पाहाव्यात, चूक झाली तर शोधावी व पुन्हा लिहावे, हीच काय ती शाळा. तेथील कामाचे स्वरूप गुप्त असे. परंतु त्या पिढीतील मोजक्या प्रोग्रॅमरांत हेन्रिएटबाईंची गणना होते, एवढे निश्चित.

१९५९ साली ती नोकरी सोडून त्यांनी प्रथम अमेरिकन रिसर्च ब्यूरो या संस्थेत व नंतर डेटाट्रॉल या संगणक कंपनीत काम केले. डेटाट्रॉलमध्ये संगणकविषयक ग्रंथांचे एक ग्रंथालय उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. ग्रंथालयशास्त्राशी त्यांचा पहिला परिचय तो. पुस्तके फळीवर ओळीने लावली की ग्रंथालय झाले, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. त्यामागे नियमांचे केवढे शास्त्र उभे आहे, हे त्यांना तेथे उमगले आणि त्या शास्त्राविषयी त्यांच्या मनात आदर उत्पन्न झाला. पुढील सर्व कार्याचा पाया हा आदर होय.

जगातील सर्वांत मोठे ग्रंथालय व त्याची अडचण

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस ही संस्था १८०० साली स्थापन झाली. १८१४ साली इंग्रज सैन्याने राजधानीला आग लावली तेव्हा हे ग्रंथालयही जळाले. पुढच्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचा ६,४८७ पुस्तकांचा खासगी संग्रह विकत घेऊन ते पुन्हा उभे करण्यात आले. आज ते जगातील सर्वांत मोठे ग्रंथालय मानले जाते.

अशा ग्रंथालयात पुस्तक सापडावयाचे कसे? त्यासाठी तालिका असते. ज्यांनी जुन्या वाचनालयांत पाऊल टाकले आहे त्यांना लहान लहान खणांचे ते लाकडी कपाट आठवत असेल. प्रत्येक खणात पोस्टकार्डाहून थोडी लहान, जाड कागदाची कार्डे उभी लावलेली असत. कार्डाच्या तळाशी भोक पाडून त्यातून एक सळई ओवलेली असे, की कोणी कार्ड काढून नेऊ नये. एका पुस्तकाची अनेक कार्डे करावी लागत. एक लेखकाच्या नावाखाली, एक ग्रंथनामाखाली, एक किंवा अधिक विषयांखाली. ही सर्व अक्षरानुक्रमे लावणे व नवी कार्डे मधे मधे बसविणे, हे काम कधीही न संपणारे.

एकच पुस्तक शेकडो ग्रंथालयांत जाते आणि प्रत्येक ठिकाणी एकेक कर्मचारी त्याच पुस्तकाची तीच नोंद पहिल्यापासून करीत बसतो. हा दुहेरी-तिहेरी खटाटोप वाचावा म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ सालापासून आपली छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकत देण्यास प्रारंभ केला होता. योजना उत्तम होती; परंतु कार्डे छापणे, मागणी नोंदविणे, ती टपालाने पाठविणे व हाताने लावणे यांत वेळ फार जाई. महायुद्धानंतर ग्रंथांचे प्रकाशन झपाट्याने वाढले आणि ही व्यवस्था मेटाकुटीस आली. संगणकाचा येथे काही उपयोग होईल काय, या प्रश्नाचा तज्ज्ञांकडून अभ्यास होऊन १९६३ साली तो अहवाल सादर झाला. असे करणे शक्य आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. आता ते करून दाखविणारे कोणी तरी हवे होते.

१९६५ साली ॲव्हरमबाई या ग्रंथालयात रुजू झाल्या. त्या वेळी त्यांचे वय ४५ वर्षांचे होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

यंत्राला कार्ड वाचावयास शिकविणे

त्यांच्यापुढील पहिले काम ऐकावयास सोपे होते. कार्डावर जी माहिती असते ती संगणकाला समजेल अशा रूपात मांडावयाची. त्यातील अवघडपणा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कार्डावर ‘शारदा’ हा शब्द आहे. ते नाटकाचे नाव असेल, लेखिकेचे असेल, छापखान्याचे असेल किंवा ग्रंथाचा विषय म्हणून देवीचे असेल. तो शब्द कार्डावर कोठे व कशा टाइपात छापला आहे, हे पाहून माणूस त्याचा अर्थ ताडतो. यंत्राला तसे ताडता येत नाही. त्याला प्रत्येक शब्दाची जात सांगावी लागते.

दुसरी अडचण लांबीची. एका पुस्तकाचे नाव दोन अक्षरांचे, तर दुसऱ्याचे दोन ओळींचे. एका ग्रंथास एक लेखक, दुसऱ्यास चार. त्या काळचे यंत्राचे कागद व पट्ट्या ठराविक घरांच्या असत. नाव घरात मावले नाही तर ते तोडावयाचे, अशीच रीत होती. हिशेबाच्या कामात ते चालून जाई. ग्रंथाचे नाव तोडणे ही मात्र ग्रंथालयाच्या दृष्टीने अक्षम्य गोष्ट.

तिसरी अडचण लिपीची. त्या वेळची यंत्रे बहुधा केवळ मोठी रोमन अक्षरे छापीत. फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतील अक्षरांवरच्या खुणा त्यांत नसत. पाणिनी हे नाव खुणांवाचून रोमन अक्षरांत लिहिले तर त्यातील ‘ण’ कोठला व ‘न’ कोठला, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

नव्या यंत्राचा जाणकार जुन्या खात्यात आला की बहुधा असे घडते. तुमची पद्धत यंत्राला जमत नाही, तेव्हा तुम्ही आपली पद्धत सोपी करा, असे तो फर्मावतो. ॲव्हरमबाईंनी तसे केले नाही. रूथ फ्रायटॅग व के गाइल्स या ग्रंथालयातील जाणकार सहकाऱ्यांसमवेत त्यांनी कार्डावरील एकेक बाब तपासावयास घेतली. हे कशासाठी लिहिता? येथे स्वल्पविराम का? हे नाव वर व ते खाली का? वाचक कोणत्या बाबीवरून शोध घेतो? असे प्रश्न विचारीत विचारीत त्यांनी तालिका करण्याचे सर्व शास्त्र स्वतः आत्मसात केले. ४५ वर्षांची अनुभवी प्रोग्रॅमर पुन्हा विद्यार्थिनी झाली. या तिघांच्या नावाने १९६५ सालीच नोंदीचा एक प्रस्तावित नमुना प्रसिद्ध झाला.

या प्रयत्नांतून जी पद्धत निघाली तिला मार्क असे नाव पडले. यंत्राने वाचावयाची ग्रंथतालिका, असा अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे. तिची रचना आपल्याला परिचित असलेल्या पुस्तकासारखीच आहे. प्रत्येक नोंदीच्या आरंभी २४ अक्षरांचा एक शिरोभाग असतो. नोंद केवढी आहे व कशाची आहे, हे तो सांगतो. त्यानंतर अनुक्रमणिका येते. तिच्यातील प्रत्येक ओळ १२ अंकांची असते. पहिले ३ अंक बाब कोणती ते सांगतात, पुढचे ४ तिची लांबी सांगतात आणि शेवटचे ५ ती कोठून सुरू होते ते दाखवितात. मग प्रत्यक्ष मजकूर. बाबींना क्रमांक ठरवून दिलेले आहेत. १०० म्हणजे लेखकाचे नाव, २४५ म्हणजे ग्रंथनाम, ३०० म्हणजे पृष्ठे व आकार, ६५० म्हणजे विषय. ग्रंथनाम दोन अक्षरांचे असो वा दोनशे, अनुक्रमणिका त्याची लांबी सांगतेच; तोडण्याचा प्रश्न उरत नाही. शिवाय क्रमांकाला भाषा नाही. जपानी असो, पोर्तुगीज असो किंवा मराठी, २४५ म्हटले की ग्रंथनाम, हे सर्वांना सारखेच कळते.

या सर्व व्यवस्थेचे मर्म नावांच्या एकवाक्यतेत आहे. आपल्यापैकी ज्यांनी कुलवृत्तांताच्या कामात हातभार लावला असेल त्यांना हे लगेच पटेल. तीन पिढ्यांत तीन गोविंद असतात, एकीचे माहेरचे नाव एक व सासरचे दुसरे, आणि कोणा आजोबांना सारे गाव टोपणनावानेच ओळखत असते. ग्रंथकारांचेही तसेच. एका वाचनालयाच्या नोंदीत साने गुरुजी, दुसऱ्याच्या नोंदीत पां. स. साने व तिसऱ्याच्या नोंदीत साने, पांडुरंग सदाशिव, असे असेल तर एकाच लेखकाचे तीन लेखक होतात. कोणते नाव मुख्य धरावे व इतर नावांवरून तिकडे कसे वळवावे, याचे नियम ग्रंथपालांनी पूर्वीच बसविले होते. ती शिस्त यंत्राच्या अंगी उतरविण्याचा मार्ग या नव्या पद्धतीने खुला केला.

सोळा ग्रंथालयांचा प्रयोग

योजना कागदावर कितीही सुबक असली तरी व्यवहारात टिकते की नाही, हे पाहावे लागते. १९६६ साली १६ ग्रंथालये निवडून प्रयोग सुरू झाला. त्यांत विद्यापीठांची ग्रंथालये होती, सरकारी होती, सार्वजनिक होती व शालेयही होती. दर आठवड्यास लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून नव्या ग्रंथांच्या नोंदी चुंबकीय फितीवर घालून त्यांच्याकडे पाठविल्या जात. कोणास काय अडचण आली ते कळविले जाई. १९६८ पर्यंत हा प्रयोग चालला. पहिल्या नमुन्यातील उणिवा त्यात उघड झाल्या. ॲव्हरमबाईंनी तो कवटाळून न ठेवता इंग्लंडमधील ब्रिटिश नॅशनल बिब्लिऑग्रफी या संस्थेच्या सहकार्याने दुसरा, अधिक समर्थ नमुना तयार केला. मार्च १९६९ पासून वर्गणी भरणाऱ्या कोणत्याही ग्रंथालयास या फिती मिळू लागल्या. प्रारंभी केवळ इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी त्यांत असत. पुढील काही वर्षांत इतर भाषांतील ग्रंथ, नियतकालिके, नकाशे व चित्रपट यांच्या नोंदींचीही सोय झाली.

१९७१ साली ही रचना अमेरिकेचे राष्ट्रीय मानक ठरली व १९७३ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. दर्जा मिळाला म्हणून लोक आपोआप पाळतात असे नाही. प्रत्येक देशाचे, प्रत्येक मोठ्या संस्थेचे आपले म्हणणे असते व आपला अभिमान असतो. ॲव्हरमबाईंनी आयुष्याची पुढील अनेक वर्षे सभा, समित्या, पत्रव्यवहार व प्रवास यांत घालविली. निरनिराळ्या देशांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९७७ साली युनिमार्क नावाचा सर्वसामान्य नमुना प्रसिद्ध झाला तो या प्रयत्नांतूनच. संस्थेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की, नियम लिहिणे सोपे. चार मंडळींना एका नियमावर आणणे कठीण. बाईंचे खरे कर्तृत्व या दुसऱ्या गोष्टीत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

सहकाराचे फळ

आपल्या महाराष्ट्राला सहकाराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एका शेतकऱ्याला जो कारखाना उभारता येत नाही तो हजारांना मिळून उभारता येतो. ग्रंथनोंदींच्या बाबतीतही हेच घडले. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ साली एक संस्था स्थापन केली होती. १९७१ च्या ऑगस्टमध्ये तिने दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या यंत्रांवरून सामायिक तालिकेचे काम सुरू केले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मार्क नोंदी हे तिचे भांडवल. एखाद्या पुस्तकाची नोंद त्या भांडारात असेल तर ती घ्यावी. नसेल तर आपण करावी व भांडारात घालावी, म्हणजे दुसऱ्यास ती मिळेल. या एका नियमावर वाढत वाढत ते भांडार आज जगातील हजारो ग्रंथालयांच्या कोट्यवधी नोंदींचे झाले आहे. इकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९८० च्या अखेरीस आपल्या लाकडी खणांत नवी कार्डे लावणे थांबविले, आणि १९०१ पासून चालत आलेली कार्डांची विक्री १९९७ साली बंद केली.

आपल्या मराठी ग्रंथांचाही या कथेशी संबंध आहे. अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेतून आलेला गहू आपल्याकडील जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. त्याची किंमत भारत सरकार रुपयांत भरीत असे. त्या रुपयांचा काही भाग भारतीय ग्रंथ विकत घेण्यात खर्च झाला. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ साली नवी दिल्ली येथे कार्यालय उघडले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके तेथून अमेरिकेच्या ग्रंथालयांत व शिकागोसारख्या विद्यापीठांत जाऊ लागली. मराठी नावे रोमन अक्षरांत, ऱ्हस्वदीर्घाच्या व मूर्धन्य वर्णांच्या खुणांसह लिहिण्याचे नियम ठरले. अक्षरांवरच्या खुणा यंत्रात आल्याच पाहिजेत, हा ग्रंथालयांचा आग्रह आपल्या उपयोगी पडला तो असा. पुढे युनिकोडच्या प्रसारानंतर देवनागरी अक्षरेही या नोंदींत बसू लागली.

भारतातही ग्रंथालयांच्या कामात आज मार्क पद्धत रुळली आहे. विद्यापीठ ग्रंथालयांसाठी तयार झालेली सोल ही प्रणाली काय किंवा विनामूल्य मिळणारी कोहा ही प्रणाली काय, दोन्ही हीच पद्धत जाणतात. प्रस्तुत लेखकाने शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही पुष्कळ वर्षे हाताने लिहिली. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या भाचीने संगणकाच्या पडद्यावर २४५ या अंकापुढे पुस्तकाचे नाव लिहून दाखविले, तेव्हा या अंकामागील इतिहास जाणून घेण्याची इच्छा झाली, त्याचे फळ म्हणजे हा लेख.

ग्रंथसूचीचे काम आपल्याला परके नाही. शंकर गणेश दाते यांनी अपार परिश्रम करून मराठी ग्रंथसूची सिद्ध केली व तिचा पहिला खंड १९४४ साली प्रसिद्ध झाला. मराठीत काय छापले गेले, हे सांगणारा तो महान आधार आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन हेही मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतील एक नियम. गणिताच्या वाटेने आलेल्या ॲव्हरमबाईंनी दुसऱ्या टोकाकडून त्याच नियमाची सेवा केली.

मानसन्मान व अखेर

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ॲव्हरमबाई एकेक पायरी चढत गेल्या. १९७० साली मार्क विकास कार्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या, १९७६ साली ग्रंथालयांचे जाळे उभारण्याच्या कार्यालयाच्या संचालक झाल्या आणि १९८३ साली सहायक ग्रंथपाल या उच्च पदावर पोहोचल्या. अखेरच्या काळात दीड हजारांहून अधिक कर्मचारी त्यांच्या हाताखाली काम करीत होते. १९७१ साली मार्गारेट मान सन्मान, १९७४ साली केंद्र सरकारच्या सेवेतील कर्तबगार स्त्रियांना दिला जाणारा पुरस्कार, १९८१ साली मेलव्हिल ड्यूई पदक व १९८८ साली लिपिंकॉट पुरस्कार त्यांना मिळाले. विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट देऊन त्यांचा गौरव केला. ग्रंथपालांच्या व्यवसायाने बाहेरून आलेल्या या बाईंना मनापासून आपले मानले.

१९९२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी त्या सेवानिवृत्त झाल्या. २००६ सालच्या आरंभी त्यांचे पती निवर्तले आणि त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे त्यांनीही देह ठेवला. ज्या कर्करोगावर उपाय शोधण्याचे स्वप्न त्यांनी बालपणी पाहिले होते, त्यानेच त्यांचा अंत झाला. दैवगतीपुढे उपाय नाही. तरीही असे म्हणता येईल की, ज्या शहरांत कर्करोगावरील संशोधनाचे ग्रंथ आज धुंडाळले जातात तेथील ग्रंथालयांत बाईंनी घालून दिलेली वाट संशोधकांच्या उपयोगी पडत आहे.

मनुष्याने रचलेली कोणतीही व्यवस्था अमर नसते. मार्क पद्धत जुन्या यंत्रांच्या काळात जन्मली. तिची रचना आता अवजड झाली आहे, अशी टीका जाणकार करतात. २०११ सालापासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनेच तिच्या जागी नवी रचना बसविण्याचे प्रयत्न आरंभिले. हे योग्यच आहे. पण १९६० च्या दशकातील यंत्रे केव्हाच भंगारात गेली, त्यांवर लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम विस्मृतीत गेले, आणि ही पद्धत मात्र अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिली. तिचा पाया यंत्रापेक्षा ग्रंथपालांच्या अनुभवावर घातला गेला होता, हेच त्याचे कारण असावे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे

आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती, विद्यार्थिगृह व वाचनालय ही कामे ज्यांच्या वर्गणीवर चालतात त्या कुटुंबांपुढे दोन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली आपल्या सुनांविषयी व मुलींविषयी. विवाहानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रीला आपण सहज म्हणतो की, आता काय उपयोग? हेन्रिएटबाईंनी गणिताचा अभ्यास हाती घेतला तो तिशीनंतर, आणि ज्या कार्याने त्यांचे नाव झाले ते सुरू झाले ४५ व्या वर्षी. शिष्यवृत्तीचे अर्ज मागविताना वयाची व विवाहाची अट आपण मनात धरीत असू तर ती काढून टाकावी. संसार सांभाळून पुन्हा वही उघडणाऱ्या भगिनीला चार पैशांची व त्याहून अधिक म्हणजे घरातील दोन तास शांततेची मदत मिळाली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या कामाच्या पद्धतीविषयी. एकाने नीट केलेले काम दुसऱ्याला पुन्हा करावे लागू नये, ही ॲव्हरमबाईंच्या आयुष्याची शिकवण आहे. आपल्याकडे जुने ग्रंथ, पोथ्या, वंशावळी व संस्थेचे जुने अंक घरोघर माळ्यावर पडून आहेत. कोणाकडे काय आहे, हे कोणासच ठाऊक नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्याजवळील ग्रंथांची यादी एकाच नमुन्यात, पूर्ण नाव, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ व वर्ष यांसह लिहून संस्थेकडे दिली, तर सर्वांच्या मिळून एक मोठे वाचनालय तयार होईल. त्यास इमारत लागणार नाही. लागेल ती थोडी शिस्त, आणि आपले ते दुसऱ्यास सापडावे ही इच्छा.

मोठमोठ्या इमारतींवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. इतरांच्या ग्रंथांच्या नोंदींत ॲव्हरमबाईंचे नाव दिसत नाही. पण जगातील अगणित नोंदी त्यांनी आखलेल्या चौकटीत उभ्या आहेत. स्वतः मागे राहून इतरांचे ग्रंथ वाचकांच्या हाती पोहोचविणाऱ्या या कर्तबगार स्त्रीच्या स्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.